साडेसातचं रीडिंग

काचेची पेटी माझी नव्हती. सुनेची होती, आणि ती अजून माझी सून होती की नव्हती हे मला कोणी नीट सांगितलेलं नव्हतं. अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, तेवढीच उंच. दुकानामागच्या खोलीत ती तीन वर्षं पडून होती आणि मी तिच्यात भाजीपाल्याच्या बियाण्यांची पाकिटं ठेवत होते. झाकण घट्ट बसायचं, उंदीर लागायचे नाहीत. चांगली सोय होती.

शहापूरला हायवेलगत माझं कृषी केंद्र आहे. पुढे दुकान, मागे घर. नवरा गेला त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून दुकान मीच बघते. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याचं लग्न झालं आणि दोन महिन्यांत लॉकडाऊननं सगळं बंद पडलं, म्हणून नवराबायको चौदा महिने इथं येऊन राहिले. तो वरच्या खोलीत दार लावून काम करायचा. ती खाली बैठकीत बसायची, कारण तिला माशांच्या पेटीसमोर बसायचं असायचं. दुपारी दीडला मी शटर अर्धं ओढून आत आले की आम्ही दोघी जेवायचो. तो ताट वर न्यायचा. त्या चौदा महिन्यांत मी जेवढं बोलले तेवढं त्याआधीच्या दहा वर्षांत बोलले नसेन. मग ते पुण्याला गेले. मासे तिनं भंडाऱ्यात ओळखीच्या एका घरी दिले आणि पेटी इथं राहिली.

गेल्या वर्षी मुलाचा फोन आला. "आई, आमचं जमत नाहीये. ती नागपूरला गेली, तिच्या आईकडे." दोन वाक्यं. कोणाचं काय चुकलं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाजू घ्यावी लागली असती.

नागपूर इथून तासाभराच्या रस्त्यावर आहे. दर पंधरा मिनिटांनी माझ्या दारावरून बस जाते. पण जायचं कोणत्या नात्यानं? मोडल्या लग्नातल्या सुनेच्या माहेरी सासू दोनच कामांना जाते, दागिने मागायला किंवा भांडायला. तू जेवलीस का, एवढंच विचारायला कोणी गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. म्हणून गेले नाही. दुपारी दीडला जेवायची वेळ तेवढी मी हळूहळू तीनवर नेली.

पोळा झाल्यावर दुकानात जरा उसंत असते. धानाची रोवणी आटोपलेली असते, युरियाची झुंबड ओसरलेली असते. त्या दिवसांत मी मागची खोली आवरायला काढली, पाकिटं बाहेर काढली, पेटी पुसली आणि तिला निरोप टाकला : "तुझी माशांची पेटी इथं आहे. पाहिजे असेल तर बसनं पाठवते."

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं. "माझ्याकडे जागा नाही. तुम्हीच लावा ना." आणि पाच मिनिटांनी आणखी एक ओळ : "पण घाईनं मासे टाकू नका. प्रत्येक गोष्ट आधी मला विचारा."

त्या दुसऱ्या ओळीमुळे मी पेटी लावायला घेतली. माशांची मला आवड खाण्यापुरती.

काम म्हणून बघितलं तर सोपं होतं. पेटी आधी पडवीत पाणी भरून एक दिवस ठेवली, गळत नाही याची खात्री केली. बैठकीतलं शिसवी टेबल भिंतीला लावलं, त्यावर थर्माकोल, त्यावर पेटी. खिडकीसमोर नको, असं तिनं सांगितलं. ऊन आलं की शेवाळ धरतं. मग मातीचा प्रश्न आला. बाजारात पाण्यातल्या झाडांसाठी दाणेदार माती मिळते, ती मागवा म्हणाली. मी म्हटलं, आयुष्यभर मी मातीवर बोलून पोट भरते, आणि माती पार्सलनं मागवू?

"मग बांधीतली घ्या," ती म्हणाली. "पण तणनाशक पडलेली नको. झाडं मरतील."

हे अवघड होतं. आमच्याकडे धानाच्या बांधीत तणनाशक पडलं नाही अशी जागा शोधावी लागते, आणि कोणाच्या बांधीत किती पडलं हे मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत, कारण ते माझ्याच दुकानातून गेलेलं असतं. शेवटी माहेरी गेले, आसगावला. भाऊ घरच्या खाण्यापुरता एका बांधीत जुना धान लावतो, त्यात औषध घालत नाही. मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून घमेल्यात माती भरायला लागले तसा तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"बाई, लोकं माहेरावरून तांदूळ नेतेत. तू माती नेऊन राहिली."

"तांदूळ तू कधी दिलास?"

"मागितला कधी? आन हे माती कायले पायजे?"

"माशांच्या पेटीत घालायला."

त्यानं धुऱ्यापलीकडे, बोडीच्या तळ्याकडे बघितलं. तिथं मासेच मासे असतात. "मासे पाह्याचे असंन तं इथंच येऊन बसत जा ना," म्हणाला. "चहा पाठवीन." मग स्वतःच घमेलं उचलून बसस्टॉपपर्यंत आणून दिलं. काहून कोणासाठी, असं काही त्यानं विचारलं नाही. त्याच्या बायकोनं नजरेनं विचारलं. मी पदर सावरला आणि बसमध्ये चढले.

माती भिजवली, काडीकचरा काढला, वाळवली, पुन्हा भिजवली, चाळली. पेटीत दीड इंच थर दिला. वर नदीची धुतलेली वाळू दोन इंच. वाळू धुवायला बारा बादल्या पाणी लागलं. पाणी ओतताना तळावर ताटली ठेवून तिच्यावर ओतायचं, म्हणजे माती उखडत नाही. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. धानाचे पऱ्हे टाकलेल्या वाफ्यात पाणी सोडताना धारेखाली पोतं ठेवतात, तेच हे.

झाडं तिनं पाठवली. नागपूरहून बसच्या कंडक्टरच्या हाती, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून प्लास्टिक. एक लांब पातीचं गवत, एक बारीक पानांचं, एक लाल देठाचं. सोबत पाणी तपासायच्या बाटल्यांची नवी पेटी आणि चिठ्ठी. चिठ्ठीत फक्त कोणत्या नळीत किती थेंब ते होतं. अक्षर तिचं. मी उलटून बघितली, मागे काही नव्हतं. झाडं एकेक करून चिमट्यानं वाळूत रोवली, फिल्टर लावला, दिवा लावला. आणि मग कळलं की खरं काम आता आहे, आणि त्यात आपण काहीच करायचं नाही.

तिनं फोनवर समजावलं. मासे पाण्यातच घाण करतात. त्या घाणीचा अमोनिया होतो आणि तो माशाला मारतो. पण पाण्यात काही जंतू असतात, ते अमोनिया खातात आणि त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसरे जंतू येतात, ते नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते झाडं खातात. हे दोन्ही जंतू फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत घर करून बसले की मगच मासे आणायचे. त्याला महिना, दीड महिना लागतो.

"आणि तोपर्यंत जंतू खातात काय?"

"तोच प्रश्न असतो. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकून कुजवायचं."

"माझ्या दुकानात युरियाची थप्पी आहे."

पलीकडे ती हसली. वर्षभरानं तिचं हसणं ऐकलं. "आई, पोतं नका ओतू. अर्धा ग्रॅमसुद्धा जास्त होईल."

पहिल्या दोन-तीन फोनांत तिनं मला काहीच म्हणायचं टाळलं होतं. "ऐका ना," "बरं का," असं चाललं होतं. त्या दिवशी हसता हसता आई म्हणून गेली आणि मग म्हणतच राहिली.

मी दहा ग्रॅम युरिया लिटरभर पाण्यात विरघळवला आणि त्यातलं पस्तीस मिली पेटीत घातलं. औषधाच्या मापानं. मग रोज सकाळी तपासणी. रंग दिवसाच्या उजेडातच नीट कळतात, म्हणून सकाळी सात वाजता नळ्या भरायच्या, थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं, पडवीत जाऊन रंगाच्या तक्त्याशी जुळवायचं. अमोनिया असला तर हिरवा, नसला तर पिवळा. नायट्राइट असलं तर जांभळं, नसलं तर आभाळासारखं निळं. साडेसातला तिचा फोन यायचा. आठला ती ऑफिसला निघायची.

"किती?"

"अमोनिया दोन. नायट्राइट शून्य."

"झाडं?"

"लाल देठाच्याची पानं गळून राहिली."

"गळू द्या. नवीन येतील. चहा झाला?"

"झाला. तुझा?"

एवढंच. कधी दोन मिनिटं, कधी पंधरा. तिच्या ऑफिसातल्या एका माणसाबद्दल सांगायची जो स्वतःचा डबा सोडून सगळ्यांचे डबे खातो. मी दुकानातल्या गिऱ्हाइकांचं सांगायचे. मुलाचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही. साडेसातच्या आधी मी आंघोळ उरकून घ्यायला लागले. जेवायची वेळ परत दीडवर आली, कशी ते माझ्याही लक्षात आलं नाही.

दहाव्या दिवशी पाणी दुधाळ झालं. सकाळी बघितलं तर पेटीत पातळ ताक भरल्यासारखं, मागची भिंत दिसेना. फोनला अजून अर्धा तास होता. आमच्याकडे पावसाळ्यात नळाला नदीचं चहासारखं पाणी येतं. गढूळ पाणी दिसलं की हात तुरटीकडे जातो, त्याला विचार करावा लागत नाही. माठाशेजारी तुरटीचा खडा ठेवलेलाच असतो. मी बाही वर केली आणि पेटीत तुरटी फिरवली. घागरीला सात वेढे पुरतात, इथं पाणी जास्त म्हणून वीस-पंचवीस फिरवले.

फोनवर मी काही बोलले नाही. म्हटलं, उद्या साफ झालेलं दाखवू.

दुसऱ्या दिवशी पाणी आरशासारखं होतं. फोटो काढून पाठवला. साडेसातला फोन.

"आई, एवढं स्वच्छ कसं? काय केलंत?"

"तुरटी फिरवली."

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"किती?"

"वीस-पंचवीस वेढे."

"आई. ते दुधाळ दिसत होतं ते जंतूच होते. तेच तर यायला पाहिजे होते."

तुरटीनं पाणी आंबट होतं. आंबट पाण्यात हे जंतू काम सोडतात. रोज चार शेतकऱ्यांना आंबट जमिनीवर व्याख्यान देणारी मी, आणि मीच हे केलं. पानांवर पांढरा साका बसला होता. पुढचे पाच दिवस अमोनिया दोनवरून हलला नाही. मग तिनं सांगितलं तसं अर्ध्याहून जास्त पाणी काढलं, ड्रममध्ये एक दिवस ठेवलेलं नवं भरलं, पानं एकेक पुसली, आंबटपणा मोडायला नदीतले शिंपले कुटून फिल्टरमध्ये पुरचुंडी बांधून ठेवली.

"आता पहिल्यापासून," ती म्हणाली. "अजून महिना धरा."

मी फोन ठेवला, नळ्या विसळल्या आणि शटर उघडायला गेले. वाटेत लक्षात आलं की मला वाईट वाटलेलं नाही. स्वतःच्या मूर्खपणाचा राग आला होता, पण त्याच्या खाली काहीतरी हलकं होतं. महिना मिळाला होता. असली लबाडी मी गिऱ्हाइकात लगेच ओळखते. स्वतःची ओळखायला दुकानाच्या दारापर्यंत जावं लागलं.

शेजारची बाई सकाळी माझ्या अंगणातली जास्वंदीची फुलं न्यायला येते. तिचे कान फुलांपेक्षा फोनकडे असायचे. एक दिवस तिनं विचारलंच.

"काय वो वहिनी, सुनेचा फोन होता का?"

"हो."

"मंग येणार हाय का वापस?"

"नाही."

"तं मंग रोज रोज कायचं बोलता?"

"पाण्याचं."

"पाण्याचं!" ती परडी घेऊन खाली बसलीच. "माही सून तं माह्या घरात राह्यते, महिना झाला माह्यासंग पाण्याचं बी बोलली नाई." मग पेटीत डोकावून म्हणाली, "आन याच्यात मासे कुठं हायेत?"

"अजून नाहीत."

"नुसतं गवतच? बांधीत कमी पडलं का वो?"

तिला उत्तर द्यायचं तर जंतूंपासून सुरू करावं लागलं असतं. मी म्हटलं, फुलं घे आणि जा, दुकान उघडायचं आहे.

अमोनिया हळूहळू उतरला. नायट्राइट चढलं, नळीत जांभळा रंग आला, मग गडद जांभळा. लाल देठाच्या झाडाला नवी पानं फुटली. लांब गवतानं वाळूखालून धुमारे सोडले आणि चार ठिकाणी नवी रोपं उभी केली. झाडांबरोबर आलेल्या दोन गोगलगाईंच्या वीस झाल्या. लवकर येणारे हलके धान कापणीला आले. आणि एका सकाळी मी नळी पडवीत नेली तर ती निळी होती. निव्वळ निळी. अमोनिया पिवळा. मी नळ्या धुऊन पुन्हा तपासलं. तेच.

काम झालं होतं.

साडेसातला फोन वाजला.

"किती?"

"नायट्राइट अर्धा," मी म्हटलं.

"अजून अर्धा? कालच्याएवढाच?"

"हो."

मी खोटं बोलत नाही. चांगुलपणा म्हणून नाही. दुकानदारीत खोटं लक्षात ठेवावं लागतं आणि मला तेवढा वेळ नसतो. पण हे लक्षात ठेवायला सोपं होतं, रोज एकच आकडा. दुसऱ्या दिवशी अर्धा. तिसऱ्या दिवशी अर्धा. ती विचारात पडली. युरिया कमी करा म्हणाली, मी कमी केला. थोडं पाणी बदला म्हणाली, बदललं. झाडं सडताहेत का बघा, पाण्यात हवा कमी पडते का बघा. ती आदल्या रात्री वाचून ठेवायची आणि सकाळी मला सांगायची. मी सगळं ऐकायचे आणि सगळं करायचे. गरज नसलेलं औषध नेमानं घेणाऱ्या माणसासारखी.

आठव्या दिवशी ती म्हणाली, "एक उपाय आहे. आमच्या ऑफिसातल्या एकाकडे जुनी टाकी आहे. त्याच्या फिल्टरचा स्पंज आणला तर त्यात तयार जंतू असतात. रविवारी मी घेऊन येते."

"येते?"

"पार्सलनं पाठवला तर मरतील. मीच येते. दुपारी परत जाईन."

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "जेवायला थांब."

रविवारी दुकान बंद ठेवलं. लाखोरीची डाळ भिजत घातली होती, तिचे वडे करायचे होते. साडेदहाच्या बसनं ती आली. केस कापले होते, कानापर्यंत. बारीक झाली होती. हातात पाण्यानं भरलेली प्लास्टिकची पिशवी, तिच्यात काळपट स्पंज. वाकून पाया पडली, मी पाठीवर हात ठेवला, आणि पुढे काय करायचं ते दोघींनाही कळेना म्हणून ती पेटीकडे गेली.

ती बराच वेळ बघत राहिली. "काय सुंदर झालंय, आई," म्हणाली. मग म्हणाली, "एकदा मी तपासते," आणि नळ्या घेतल्या.

मी स्वयंपाकघरात गेले. पाच मिनिटं लागतात. मी तेलात वडे सोडले.

"आई."

"हो."

"हे निळं आहे."

"हो."

"अमोनियापण नाही."

"नाही."

"कधीपासून?"

मी गॅस बारीक केला. "आज दहावा दिवस."

ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, नळी हातात. "मी रोज वाचून सांगत होते तुम्हाला. पाणी बदला, हे करा..."

"बदललं मी पाणी. तू सांगितलंस तसंच सगळं केलं."

तिला हसू आलं, पण ते पूर्ण झालं नाही. "रविवारी सकाळी आठ वाजता मी एकाला झोपेतून उठवून त्याचा फिल्टर उघडायला लावला, आई."

"चूक झाली," मी म्हटलं. का केलं ते तिनं विचारलं नाही. तिला कळलं होतं.

आम्ही जेवलो. दीड वाजला होता की नव्हता मी बघितलं नाही. तिनं चार वडे खाल्ले. ताट बाजूला सारून ती म्हणाली, "मी रागावले नाहीये."

"रागावलीस तरी चालेल."

"नाही रागावले. पण मला बोलायचंच होतं. मी सकाळी फोन हातात घेतला की माझी आई स्वयंपाकघरात भांडी आपटते. तिला वाटतं मी अजून इथंच अडकले आहे."

"आणि तुला?"

"मलाही थोडं वाटतं." ती बोटानं ताटातलं मीठ गोळा करत होती. "तुमच्याशी बोलले की दिवसभर हे घर डोक्यात राहतं. ही खोली, दुपारचं जेवण. मग तो येतो डोक्यात. तेवढं नको आहे मला आता. पुढच्या महिन्यात कागदांवर सह्या आहेत."

सह्यांचं मला मुलानं सांगितलं नव्हतं. मी तसं दाखवलं नाही.

"मग फोन नको करू," मी म्हटलं.

"थोडे दिवस."

"थोडे म्हणजे?"

"ते कसं सांगू, आई?"

या सगळ्यात तिनं आई म्हणायचं सोडलं नाही. सोडलं असतं तर सोपं गेलं असतं.

आणलाच होता म्हणून तिनं तो स्पंज फिल्टरमध्ये बसवून टाकला. फुकट कशाला घालवायचा, ते माझ्याच तोंडचं वाक्य, तिनं म्हटलं. मग हात पुसत शेवटच्या सूचना दिल्या. मासे येईपर्यंत युरिया चालू ठेवा, बंद केला तर जंतू उपाशी मरतील. मासे आणाल त्या दिवसापासून बंद. आधी तीनच टाका, एकदम सगळे नको, आठवड्यानं बाकीचे. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवा.

"फोटो पाठवू?" मी विचारलं.

"आत्ता नको."

स्टॉपवर पोचवायला गेले. बस लगेच आली, भरलेली. तिला पलीकडच्या बाजूला उभं राहायला जागा मिळाली, त्यामुळे बस निघताना ती दिसली नाही. मी घरी येऊन कढई घासली.

सोमवारी सात वाजता मी नळ्या भरल्या. सवय. निळं, पिवळं. पडवीत उभी राहिले, आकडा तयार होता आणि तो सांगायला कोणी नव्हतं. शेजारची बाई फुलं तोडत होती. तिनं फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्या दिवशी काही न विचारता गेली. तिच्याकडून मला ती अपेक्षा नव्हती.

दोन दिवस मी युरिया घातला. पेटी अशीच ठेवावी, असंही मनात आलं. झाडं बरी दिसत होती, गोगलगाई होत्या, मासे कशाला? पण मग रोज युरिया घालत राहायचं ते कोणासाठी, हे मलाच सांगता येईना. जंतू पाळायला कोणी पेटी लावत नाही. बुधवारी दुपारी शटर ओढलं आणि भंडाऱ्याला गेले. माशांच्या दुकानदारानं अंगावर निळे पट्टे असलेले बोटाएवढे मासे दाखवले. चिवट असतात म्हणाला.

"तीन द्या."

"तीन नका नेऊ, मॅडम. हे घोळक्यानं राहतात. सहा तरी न्या, नाही तर बावरतात."

"बाकीचे तीन पुढच्या आठवड्यात."

"आजच का नाही?"

"तसं सांगितलंय," मी म्हटलं. कोणी ते त्यानं विचारलं नाही.

पिशवी पाण्यावर वीस मिनिटं तरंगत ठेवली, मग मासे सोडले. तिघंही सरळ मागच्या कोपऱ्यात लांब गवतात गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. दुसऱ्या सकाळी काचेपाशी होते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. तिसऱ्या दिवशीही शून्य. काम चोख झालं होतं. जेवण मी तीनला जेवत होते.

रविवारी मुलाचा फोन आला. तो रविवारीच करतो, संध्याकाळी पाचला. दिवाळीला सुट्टी मिळत नाही असं सांगितलं, माझं ब्लडप्रेशर विचारलं. मग म्हणाला, "मागच्या रविवारी ती आली होती म्हणे."

शेजारच्या बाईचा मुलगा त्याच्या वर्गातला. बातमी तिकडूनच गेली असणार.

"आली होती."

"काहून?"

"पेटी बघायला."

"काय म्हणाली?"

सांगण्यासारखं बरंच होतं. केस कापले आहेत, बारीक झाली आहे, चार वडे खाल्ले. तिला हे घर आठवायला नको आहे. तू सह्यांचं मला सांगितलं नाहीस. यातलं जे माझं होतं ते त्याला आता सांगून उपयोग नव्हता, आणि जे तिचं होतं ते मी देणार नव्हते.

"म्हणाली, आधी तीनच मासे टाका."

"अजून?"

"एकदम सगळे नका टाकू."

"अजून काही नाही?"

"नाही."

त्यानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पेटीशेजारच्याच खुर्चीत बसले होते, फिल्टरचं पाणी बारीक आवाज करत पडत होतं.

"तो आवाज कसला आहे?" त्यानं विचारलं.

"पाण्याचा."

"हां," म्हणाला. पुण्याला त्याच्या मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. आम्ही आणखी दोन-तीन मिनिटं तसेच बसलो असू. मग तो म्हणाला, "ठेवतो, आई," आणि मी म्हटलं, "ठेव."

बुधवारी आठवडा भरला आणि मी बाकीचे तीन मासे आणले.